पटावरची चाळिसावी

१

बुलढाण्याचा वर्ग संपताना पुण्याच्या सरांनी सांगितलं होतं, घरी गेल्यावर प्रत्येकानं ‘मी काय शिकलो’ असं दीड पान लिहून पाठवायचं. बाकीच्यांची पानं गेली, त्यांची म्हणे पुस्तिकाही निघाली. माझं दीड पान पावणेदोन वर्षं झाली तरी इथंच आहे. सरांची आठवणीची दोन कार्डं येऊन पडली. गृहपाठ आणला नाही म्हणून पोरींना भिंतीकडे तोंड करून उभं करणारी मी. कार्ड वाचताना मलाच भिंत शोधावीशी वाटली.

तर आता लिहितेच. सरांना आमची वऱ्हाडी ऐकली की हसू यायचं, म्हणून जरा धुतलेल्या भाषेत लिहिते. कुठं ‘मले’ राहून गेला तर सांभाळून घ्यावं.

वर्ग दृक्श्राव्य शिक्षणाचा होता. सदुसष्टचा मे महिना, तीन आठवडे. जानेफळच्या मुलींच्या शाळेतून मला बोलावलं होतं. वय त्रेचाळीस, आणि यंत्र म्हणाल तर शिवणाचं मशीन आणि शाळेतलं घड्याळ एवढीच ओळख. त्यातलं घड्याळ बंद. पण मे महिन्यातसुद्धा बुलढाण्याला वारा गार लागतो, जेवण आयतं मिळत होतं आणि ताट दुसरंच कोणी घासत होतं. मला काही शिकवलं नसतं तरी मी खूश होते.

शेवटच्या आठवड्यात सरांनी गट पाडले आणि चिठ्ठ्या उचलायला लावल्या. प्रत्येक गटानं एका न निघालेल्या सिनेमाची दोन मिनिटांची जाहिरात करायची. टूरिंग टॉकीजमध्ये पुढच्या खेळाचा ट्रेलर दाखवतात ना, तशी. फक्त चित्र नाही, टेपरेकॉर्डरवर नुसता आवाज. एका गटाला लग्नाचा सिनेमा आला, एकाला विहीर खणण्याचा. आमची चिठ्ठी अमडापूरच्या उकंडरावांनी उघडली आणि कपाळाला लावली.

“भुताचा,” ते म्हणाले. “मनकर्णाबाई, तुम्ही भूत व्हा. तुमाले काही करा लागणार नाई.”

“आणि तुम्ही?”

“मी किंचाळतो.”

आमच्यातला तिसरा फारुख, रोहिणखेडचा, तिशीतला, बोलायला कमी आणि हाताला चांगला. तो यंत्राच्या वायरी गुंडाळत म्हणाला, “सर, तुम्ही किंचाळले तर मशीन माह्या पगारातून भरा लागन.”

उकंडराव गावच्या नाटकात वीस वर्षं राजा होत आले होते. त्यांचा राजा दरबारात बोलला की तिकडं गोठ्यात बैल उठून उभे राहायचे, असं ते स्वतःच सांगत.

२

कल्पना माझी. माझी म्हणजे काय, मला दुसरं येतंच काय? मी म्हटलं, हजेरी घेऊ.

बंद पडलेली शाळा. म्हातारी बाई रिकाम्या खोलीत एकटी बसून हजेरी घेते आहे. एकेक नाव घेते, आणि रिकाम्या खोलीतून एकेक पोर ‘हजर’ म्हणते. शेवटच्या नावाला मात्र उत्तर नाही. नुसती शांतता. मग उकंडरावांनी गरजायचं, “येत आहे! आपल्या गावात! ‘हजेरी’!”

शांततेबद्दल सरांनी आम्हाला एक नेम सांगितला होता. शांतता म्हणजे मोकळं सोडलेलं रान नव्हे, ती मोजून ठेवायची. चारपर्यंत मोजा. तीनपर्यंत माणूस वाट बघतो, चारला घाबरतो, पाचला खोकतो.

वसतिगृहाच्या मागं गाद्या ठेवायची खोली होती. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून फारुखनं खिडकीला दोन गाद्या लावल्या, दाराला आतून कडी घातली. दुपारचे दोन. सगळा वर्ग जेवून आडवा झालेला. खोलीत कापसाचा आणि जुन्या खोबरेल तेलाचा वास. यंत्रावर एक हिरवा दिवा होता, आवाज झाला की तो डोळ्यासारखा मिटायचा.

फारुखनं बोट वर केलं आणि मी सुरू केलं. नावं काही ठरवली नव्हती. पण हजेरी म्हटल्यावर माझ्या तोंडात माझाच पट आला.

“कमल पंजाबराव.”

“हजर, बाई,” उकंडराव नाकातून म्हणाले. रेडकासारखा आवाज.

“शांता भाऊराव.”

“हजर,” फारुख.

अशी पाच नावं झाली. मग मी म्हटलं, “वेणू मोतीराम.” आणि मांडीवर बोटं टेकवत मोजलं. एक, दोन, तीन, चार. उकंडराव गरजले. हिरवा डोळा घट्ट मिटला. वरच्या गादीवरचा कापूससुद्धा हलला असेल.

फारुखनं फीत मागं नेली आणि लावली. मी आपला आवाज पहिल्यांदाच असा ऐकत होते. इतकी वर्षं पोरी हे कसं सहन करतात, असा विचार करत होते. पाच नावं झाली. “वेणू मोतीराम.” एक, दोन, तीन.

“हजर.”

त्याच्या जरा आधी, अगदी बारीक, थुंकी लावून पाटी पुसल्याचा आवाज.

३

भिववणारा आवाज नव्हता तो. मान खाली घालून काही करत बसलेली पोर, वर न पाहता म्हणते ना, तसा. सात-आठ वर्षांची असावी.

“उकंडराव,” मी म्हटलं, “काही वेळ तरी गप बसत जा.”

“मी? बाई, मायची शप्पथ.”

फारुखनं कडी उघडून व्हरांडा पाहिला. एक कुत्रं झोपलेलं. “कधीमधी रेडिओ घुसते फितीत,” तो म्हणाला, पण त्याचं त्यालाच पटलं नसावं. “पुन्हा घेऊ. सर, तुम्ही तोंडात पदर घ्या.”

“पदर कुठी आहे माह्याजवळ?”

शेवटी त्यांनी धोतराचा सोगा तोंडात धरला. पुन्हा पाच नावं, पुन्हा वेणू मोतीराम. मी मोजताना हिरव्या दिव्याकडे पाहत होते. तो मिटला नाही. खोलीत आवाज झालाच नव्हता, याला आम्ही तिघं साक्षी.

फितीवर मात्र होता. या वेळी दोनलाच आला. आपलं नाव दुसऱ्यांदा घेतल्यावर पोरी जरा वैतागून म्हणतात तसा. “हजर ना.”

तिसऱ्यांदा फारुख म्हणाला, “बाई, नाव बदलून पाहू.” मी ‘वेणू’ऐवजी ‘गंगू रंगराव’ म्हटलं. फीत ऐकली. एक, दोन, तीन, चार. नुसती फितीची खरखर. मी पाचपर्यंत मोजलं आणि खोकले.

“बस्,” उकंडराव म्हणाले, “दुसऱ्या खेपेचीच द्या सरांले. कोण आहे व ही वेणू? तुमच्या शाळेतली?”

“हो.”

“हुशार आहे वाटते.”

“बरी आहे,” मी म्हटलं.

त्या दोघांना जे सांगितलं नाही ते इथं लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. वेणू मोतीराम नावाची मुलगी आमच्या शाळेत नव्हती. जानेफळात नव्हती. कुठंच नव्हती. ती मी केली होती.

आमच्या शाळेत दोघी शिकवणाऱ्या, मी आणि ताहेरा. दुसरी जागा टिकायची तर पट चाळीस लागायचा. चौसष्टच्या जूनमध्ये पट एकोणचाळीसवर आला. जागा गेली असती तर ताहेराला तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागलं असतं. तिची आई हुस्नबानो दोन्ही डोळ्यांनी गेलेली. घरापासून विहीर, विहिरीपासून शेजारीण, सगळं जानेफळ तिला पावलांनी पाठ. दुसऱ्या गावात ती बिचारी उंबऱ्यातच बसून राहिली असती.

म्हणून दाखल रजिस्टरात मी एक ओळ लिहिली. वेणू मोतीराम, इयत्ता पहिली. पत्ता कोणाचा द्यावा कळेना. चौकशीचं माणूस गेलंच कुणाच्या दारात तर ते माझ्याच दारात यावं, म्हणून माझ्या घराचा दिला. हजेरी झाल्यावर चाळिसाव्या नावापुढं मी गुपचूप ‘ह’ लिहायची. दिपोटी यायचा असला की वेणू मामाच्या गावाला. शाळा तपासणाऱ्या साहेबांना आता विस्तार अधिकारी म्हणायचं, पण गावात दिपोटीच म्हणतात. पहिलीत मी तिला एकदा नापासही केलं, पट जरा जास्त दिवस टिकावा म्हणून. सरकारी दुधाच्या भुकटीतला तिच्या वाटचा पेला असायचा, त्याचा चहा करून आम्ही दोघी प्यायचो. “वेणूचं भलं होवो,” असं ताहेरा बशीत फुंकर मारत म्हणायची.

तीन वर्षं मी तिचं नाव लिहीत होते. हाक कधीच मारली नव्हती. ती मारली त्या गाद्यांच्या खोलीत.

४

जाहिराती सभागृहात ऐकवल्या. चाळीस-पंचेचाळीस शिक्षक, पंखे बंद, कारण पंख्यांचा आवाज होत होता. विहीर खणणाऱ्यांचा ट्रेलर सात मिनिटं चालला आणि पाणी लागलंच नाही. लोक पोट धरून हसले.

मग आमची. उकंडरावांच्या रेडकाला हशा पडला. वेणूच्या ‘हजर ना’ला एक जण हसला आणि अर्ध्यात थांबला. उकंडरावांची गर्जना झाल्यावरही टाळ्या लगेच आल्या नाहीत.

सर खूश झाले. “शेवटी उत्तर द्यायचं नाही असं ठरलं होतं ना? पण हे छानच. ती मुलगी कुठून आणलीत?”

“आणली नाही,” मी म्हटलं. खरंच होतं ते.

“फार नैसर्गिक. आणि ते पाटी पुसणं! कशानं काढलात आवाज?”

फारुखनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. उकंडराव म्हणाले, “नाटकातली गोष्ट आहे सर, सांगत नसतात.”

आमचा पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून तिघांना तीन शाईची पेनं.

निघायच्या दिवशी मोटार स्टँडवर उकंडराव माझी पेटी टपावर चढवायला आले. एरवी ते निरोपातही राजासारखे बोलत. त्या दिवशी हळू बोलले.

“बाई, माह्या मायचे माह्याआधी दोन गेले. म्हणून तिनं मले उकिरड्यावर ठेवून उचललं आन् नाव उकंडा ठेवलं. असं वंगाळ नाव आयकून कोणी न्याले येत नाई म्हणते.” त्यांनी पेटीची दोरी आवळली. “तुमच्या त्या पोरीचं नाव लय गोड आहे. उगी कुठी मोठ्यानं घेऊ नोका.”

मी हसून घेतलं. चिखलीपर्यंत हसत होते, मेहकरला उतरताना हसू कुठंतरी मोटारीतच राहिलं.

५

जूनमध्ये शाळा उघडली. मी ताहेराला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. “मोठ्या बाई, बुलढाण्याची हवा लागली तुमाले.”

मलाही तेच बरं वाटलं. उन्हं, कापूस, रेडिओ आणि आयतं जेवण. एवढ्यानं कोणालाही ऐकू येईल. तरी मी ठरवलं, नाव मोठ्यानं घ्यायचं नाही. पहिल्यासारखं गुपचूप ‘ह’ लिहायचं.

आमची शाळा म्हणजे एकच लांब खोली. तरटाच्या चार पट्ट्या, चार इयत्ता. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, तिसरीच्या पट्टीवर मुली चेंगरून बसतात आणि भिंतीकडचं टोक मोकळं.

“सरका ना ग तिकडं,” मी म्हटलं.

कोणी सरकलं नाही. कमल पंजाबराव आमच्यात तोंडाळ. ती म्हणाली, “जागा आहे बाई तिथं.”

“कोणाची?”

पोरी एकमेकींकडे पाहून हसल्या. मोठ्या माणसाला साधी गोष्ट कळत नाही म्हटल्यावर हसतात तशा. भ्यायली कोणीच नव्हती. वर्गात थट्टा झाली की मला वास येतो; हा थट्टेचा वास नव्हता.

मग दूध. चाळीस पेले भरायचे, एकोणचाळीस जायचे. चाळिसावा ताहेरा चहाला ठेवायची. एका सोमवारी तो तळाला पांढरा कंगोरा तेवढा ठेवून रिकामा.

“कोण प्यायलं ग?” ताहेरानं डोळे मोठे केले.

“जिचं तिनं,” कमल म्हणाली आणि पाढे म्हणायला लागली.

ताहेरानं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून आम्ही काळा चहा पितो. मांजर असेल, मी तिला म्हटलं. आठवडाभर मी मांजर शोधलं. सापडलंसुद्धा एक, भलं थोरलं माजलेलं. मला केवढा आनंद झाला! त्याच्यापुढं मुद्दाम दूध ठेवलं. ते पट्टीच्या टोकाकडे पाहत राहिलं आणि दुधाला तोंड न लावता निघून गेलं.

दुपारी चारच्या सुमाराला पोरी शुद्धलेखन लिहीत असल्या की खोलीत पाटीवर लेखणीचा कुरकुर आवाज असतो. मला तो फार आवडतो. पावसाळ्यात कौलांवर पाणी आणि खाली लेखण्या. अशा वेळी मी डोळे मिटून बसते. मुलींना वाटतं बाई झोपली, आणि कधी कधी त्यांचं बरोबर असतं. पण त्या कुरकुरीत आता एक आवाज वेगळा कळायचा. भिंतीकडून. लिहिण्याचा नव्हे. पुसण्याचा. लिहायचा आवाज तिकडून कधी आलाच नाही.

६

ऑगस्टमध्ये महादेवराव दिपोटी न कळवता आले.

साडेअकराला जीप थांबली. अकराला मी हजेरी मांडून मोकळी झाले होते. सवयीनं, शाईनं, चाळीसच्या चाळीस ‘ह’. बक्षिसाच्या पेनानं. आता मामाचं गाव उपयोगाचं नव्हतं. खोटा ‘ह’ म्हणजे माझी नोकरी, ताहेराची जागा आणि हुस्नबानोची पावलं, सगळं एका अक्षरात.

महादेवरावांनी खुर्ची ओढली, चष्मा घातला. “पट किती?”

“चाळीस.”

“हजर?”

मी मस्टर पुढं सरकवलं. ताहेरा मागून म्हणाली, “चाळीस, साहेब.” तिचा आवाज फाटलेला.

“मीच घेतो हजेरी. नाव घेतलं की पोरीनं उभं राह्याचं. बाई, तुम्ही बोट ठेवा नावावर.”

मी त्यांच्या शेजारी उभी राहून बोट सरकवत गेले. कमल पंजाबराव उठली, बसली. शांता भाऊराव. बोटाला घाम आलेला, नावांवर ओले ठिपके पडत होते. मी मनात कबुलीजबाब तयार करत होते. त्यातही शुद्धलेखन सुधारत होते, सवय जात नाही. एकोणचाळीस झाल्या.

“वेणू मोतीराम.”

एक. दोन. पाटीवर बोट फिरल्याचा आवाज.

“हजर.”

मी मान वर केली नाही. लिहायला लाज वाटते, पण केली नाही. बोटाखालचं नाव पाहत राहिले. माझं अक्षर. ‘वे’ची मात्रा जरा लांब गेलेली.

महादेवरावांनी चष्म्यावरून खोलीच्या टोकाकडे पाहिलं. “बस,” ते म्हणाले. मग शेरेबुकात लिहिलं: पट चाळीस, हजर चाळीस, शिस्त चांगली. सही केली.

चहा नको म्हणाले. दारात पायताण घालताना थांबले.

“बाई, ती शेवटची पोरगी. तिचे डोळे तपासून घ्या.”

“काऊन साहेब?” धुतलेली भाषा तेव्हा कुठली सुचायला.

“फळ्याकडे पाहात नाई. मी हजेरी घेऊन राह्यलो होतो तवा बाकीच्या माह्याकडे पाहून राह्यल्या होत्या. ती सारखी तुमच्याकडेच पाहे.”

जीप गेली. मुलींना सुट्टी दिली. खोली रिकामी झाल्यावर मी पट्टीच्या टोकाशी गेले. एक पाटी होती. तिच्यावर ओला गोल होता. मी बघत असतानाच तो कडेकडेनं वाळत गेला, आत आत, आणि मधला ठिपका वाळला तेव्हा पाटी कोरी होती.

ताहेरा दारातच उभी होती. “मोठ्या बाई,” ती म्हणाली, “तिनं आपल्याले वाचोलं.”

“हो.”

“मले भेव वाटते.”

“मलाही,” मी म्हटलं. आणि खरं सांगते, त्यातलं निम्मंच खरं होतं.

७

या जानेवारीत गावात नवे पोस्टमास्तर आले, मुली तीन. तिघींची नावं दाखल झाली. पट त्रेचाळीस. ताहेरानं मस्टर मिटायच्या आधीच हात ठेवला.

“आता नाव कमी करा. आता गरज नाई. अल्लाचं नाव घ्या आन् कापा.”

तिचं बरोबर होतं. दीड वर्षं मी रोज ते नाव मोठ्यानं घेत होते. दिपोटी येऊन गेल्यापासून न घेणं बरं दिसेना. रोज ‘हजर’ येत होतं. ताहेरा त्या वेळी बाहेर जाऊन घंटेचा दोर तपासायची.

दुपारची वेळ. मुली शुद्धलेखन लिहीत होत्या. मी लाल शाई काढली, दाखल रजिस्टर उघडलं. नावावर आडवी रेघ मारायची आणि शेवटच्या रकान्यात नाव कमी केल्याचं कारण लिहायचं.

कारणं ठरलेली असतात. गाव सोडले. लग्न झाले. सतत गैरहजर. मयत.

गाव सोडले म्हणावं तर कुठं गेली? सतत गैरहजर? ती तर एकही दिवस चुकली नव्हती. ताप येऊन मी चार दिवस घरी होते तेव्हाचेसुद्धा ताहेराच्या हातचे चार ‘ह’ होते. उरलं शेवटचं. ते लिहायला आधी ती कधीतरी जन्मलेली असायला हवी. पण जन्मतारीख मात्र होती. मीच घातलेली, एक जून, सगळ्यांना घालतो तशी.

मी टाक शाईत बुडवला.

भिंतीकडचा पाटी पुसण्याचा आवाज थांबला. त्याबरोबर बाकीच्या लेखण्याही. मी वर पाहिलं. बेचाळीस डोकी खाली वाकलेली, हात पाट्यांवर, आणि हात चालत होते. लिहीत होत्या सगळ्या. आवाज तेवढा नव्हता. एक. दोन. ताहेरा फळ्याशी खडू धरून उभी, पांढरी. तीन.

मी टाक पुसला आणि दौतीला झाकण लावलं.

कुरकुर सुरू झाली. पावसासारखी, सगळीकडून. आणि भिंतीकडून, जरा वेळानं, थुंकी लावून पाटी पुसल्याचा आवाज.

दुसऱ्या दिवशी दुधाचा चाळिसावा पेला ताहेरानं स्वतः भरला, आणि त्यात गुळाचा खडा टाकला.

८

दीड पानाची पानं कितीतरी झाली. हे काही पुस्तिकेत घेणार नाहीत, तरी लिहून झाल्यावर बरं वाटतंय.

वेणू आता चौथीत आहे. पुढच्या महिन्यात परीक्षा. आमची शाळा चौथीपर्यंतच, म्हणजे मग तिचा दाखला काढावा लागणार. तो मी लिहून ठेवलाय. अभ्यास बरा, वर्तणूक चांगली. पहिलीत नापास केल्याचं मला अजून वाईट वाटतं. त्यात तिची काही चूक नव्हती.

मागच्या आठवड्यात फारुखचं कार्ड आलं. पुण्याच्या सरांकडून त्यानं आमची फीत मागवून ऐकली. लिहितो, बाई, शेवटच्या नावाला आता उत्तर येत नाही. मी पाचपर्यंत मोजलं. नुसती खरखर आहे. ती पोरगी तिथून गेली.

गेली असेल. तिला पत्ता माहीत आहे, मीच लिहिलेला.

घरात मी एकटी. हे जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. यात रडण्यासारखं काही नाही. दिवसभर चाळीस पोरींची नाकं पुसणाऱ्या बाईला घरी शांतता मिळाली तर तिनं पेढे वाटावेत. इतकी वर्षं मी ते मनातल्या मनात वाटतही होते.

शाळा पाचला सुटते. मी कुलूप लावते, चालत घरी येते, मागं वळून बघत नाही. आत आल्यावर दार नुसतं लोटते, कडी घालत नाही. चुलीवर चहा ठेवते, दुधाचा. दोन कप. मग उंबऱ्याकडे पाठ करूनच एकदा नाव घेते, आणि सरांनी शिकवलं तसं मोजते.

तीनच्या पुढं मला अजून कधी जावं लागलं नाही.